तुला ठेवलंय

सिस्टर बेटीने माझ्या अंगातला गाउन परत मागितला तेव्हा मी कोपरापर्यंत हात धुऊन, नखं कापून, बोटातली अंगठी साबण लावून लावून काढून, नातीला छातीशी धरायला अगदी तयार बसले होते. खुर्चीसुद्धा तिनेच दाखवली होती, मागे रेलणारी, निळ्या रेक्झिनची. "काकी, गाउन द्या जरा," ती म्हणाली. मला वाटलं, मोठा होतोय म्हणून मापाचा आणून देते. मी काढून दिला. तिने तो घडी न करता पिवळ्या पिशवीत टाकला आणि स्वतःचे हात धुवायला गेली. हात धुताना ती माझ्याकडे बघत नव्हती. एवढंच झालं. कोणी आवाज चढवला नाही, कोणी मला दंडाला धरून बाहेर काढलं नाही. पण स्वच्छ धुतलेला गाउन, जो मी नीट घातलासुद्धा नव्हता, तो पिशवीत जाताना पाहून माझ्या पोटात काहीतरी हललं. भीतीने हलतं तसंच हललं असणार. पण तेव्हापासून पोटात जे जे हललं ते मी वेगळ्या कानाने ऐकत आले.

काचेपलीकडे ती होती. माझ्या स्वप्नालीची मुलगी, अजून नाव नसलेली, दिवस भरायच्या कितीतरी आधी काढावी लागलेली. स्वप्नालीचं ब्लडप्रेशर असं काही चढलं की आई आणि पोर दोघींना एकमेकींपासून सोडवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आई वरच्या मजल्यावर आयसीयूत, पोर खाली पेटीत. डॉक्टर म्हणत होते, या पोरीला पेटीपेक्षा माणसाच्या छातीची ऊब हवी, कातडीला कातडी लागली पाहिजे, त्याने ही पोरं तगतात. बापाला, म्हणजे आमच्या विकीला, नेमकी सर्दी. शिंक आली की तो बिचारा कॉरिडॉरच्या टोकापर्यंत धावत जायचा. मग उरले मी. या वॉर्डात मागे कधीतरी जंतूंची साथ येऊन गेलेली, तेव्हापासून त्यांनी नियम केलेला, की जो कोणी बाळाला धरणार त्याची आधी तपासणी. कापसाची काडी घेऊन लॅबची मुलगी आली आणि कुठे घालायची ते तिने सांगितलं तेव्हा मी हसले होते. म्हटलं, "बाय, या वयात आता हे पन बघायचं राहिलं होतं." ती पण हसली. त्या काडीवर काही सापडेल असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मला ना ताप, ना जुलाब. जिना चढताना गुडघा बोलतो तेवढाच.

"का गो, काय झालं?" मी बेटीला विचारलं. हात पुसत ती म्हणाली, "डॉक्टर मॅडम बोलतील तुमच्याशी. घाबरू नका काकी, तुम्हाला काय नाय झालेलं." मला काही झालेलं नाही, हे माणसं कधी सांगतात ते मला आता चांगलं कळतं.

डॉक्टर ज्ञानदा म्हणजे स्वप्नालीच्याच वयाची मुलगी. लॅबशेजारी तिची इवलीशी खोली, त्यात दोन खुर्च्या आणि चहाचा थर्मास. तिने मला चहा दिला, कागदी कपात. तो कपसुद्धा नंतर पिवळ्या पिशवीत जाणार का, असं माझ्या मनात आलं. ती सावकाश बोलली. म्हणाली, तुमच्या आतड्यात एक जंतू आहे. तसे सगळ्यांच्याच पोटात ढीगभर असतात, पण हा औषधांना दाद न देणारा आहे. तुम्हाला त्याचा काही त्रास नाही, तो तिथे गुपचूप राहतोय. पण एवढ्याशा बाळाच्या रक्तात गेला तर आमच्या हातात फारसं काही उरत नाही. मी म्हटलं, "मग मला औषध द्या, जाऊ दे त्याला." ती म्हणाली, "तेच करायचं नसतं काकी. औषध दिलं तर तुमच्या पोटातले साधे, गरीब जंतू मरतील आणि याचंच फावेल. हॉस्पिटलात तेच होतं. औषधांचा मारा सतत चालू असतो, मरायचे ते मरतात, आणि जे टिकतात त्यांना रान मोकळं. मग ते बेसिनच्या जाळीत राहतात, खाटेच्या दांडीवर राहतात, आमच्या हातांवरसुद्धा." तिने स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहिले. मग मान वर न करता विचारलं, "घरातलं कोणी जास्त दिवस हॉस्पिटलात होतं का? वर्ष-दोन वर्षांत?"

मी कप खाली ठेवला. रामनाथ, असं मी म्हटलं नाही. "हे होते," म्हटलं.

रामनाथ माझा नवरा. तो जिवंत होता तोवर त्याचं नाव मी एकदाही घेतलं नाही, रेशनच्या दुकानातसुद्धा पोरीला पुढे करायचे. तो गेला आणि मी मनातल्या मनात त्याला नावाने हाक मारायला लागले, अरे-तुरे करायला लागले. आता कोण ऐकतंय. उमेळ्याला आमची वाडी होती, केळी आणि पानवेली, आणि एका कडेला बावखल, गोड्या पाण्याचं तळं, ज्याचं पाणी मे महिन्यातसुद्धा आटलेलं मी पाहिलं नाही. वाडी बिल्डरला दिली, तिच्याच उरावर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगीत आम्हाला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. बावखल बुजवून पार्किंग झालं. रामनाथ बाल्कनीत उभा राहून त्या पार्किंगकडे असा बघायचा की जणू गाड्यांच्या खालून पाणी वर येणार आहे. कंपाउंडच्या कडेला मातीची एक पट्टी शिल्लक होती, तिथे तो केळीचे मुनवे लावायचा आणि सोसायटीवाले उपटायचे. तिथेच गंजका पत्रा त्याच्या पोटरीत घुसला. साखर होतीच. पाय सुजला, मग काळा पडला, मग हॉस्पिटल. ते हे हॉस्पिटल नव्हे, दुसरं. पायाचं ऑपरेशन चांगलं झालं, सगळे म्हणाले. जखम भरत होती. आणि मग लघवीच्या नळीतून म्हणा, कुठून म्हणा, त्याला ताप चढला तो उतरेचना. एक औषध चालेना म्हणून दुसरं, दुसरं चालेना म्हणून दोन मिळून. बाटल्या बदलत गेल्या, माणूस तोच राहिला, फक्त लहान होत गेला. शेवटी डॉक्टरांनी खांदे पाडून एक मोठं नाव सांगितलं. ते मी तेव्हा नीट ऐकलंच नाही. आता ज्ञानदा मॅडमच्या तोंडून ऐकलं आणि ओळखलं. माणूस मेल्यावर त्याला मारणाऱ्याचं नाव पुन्हा ऐकू यावं आणि तो आपल्याच घरी राहायला आलेला असावा, असं ते होतं.

"तोच का?" मी विचारलं. ती म्हणाली, "असं ठामपणे नाही सांगता येणार. त्यांचा नमुना आता कुठे मिळणार? असूही शकेल. कुठूनही आला असेल, खाटेवरून, बाथरूममधून, कोणाच्या हातातून." ती आपली शास्त्राने बोलत होती. मला ठाऊक होतं कुठून आला ते. मला चमचासुद्धा आठवत होता.

आमच्या घरात बायका नवऱ्याच्या ताटात जेवायच्या. माझी सासू जेवायची, मीही जेवले. लग्न होऊन आले तेव्हा मला त्या गोष्टीचा इतका राग यायचा की मी पहिले काही दिवस मुद्दाम थोडंच खाऊन उठायचे. दुसऱ्याच्या बोटांनी कालवलेला भात, कडेला सारलेले काटे. आणि मग एके दिवशी पाहते तर ताटाच्या कडेला मासळीचं डोकं, तसंच्या तसं, न फोडलेलं. डोकं म्हणजे कालवणातला जीव, ते कोणी टाकत नाही. मला वाटलं, विसरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या वेळी उठता उठता तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुला ठेवलंय." बस. पुढचा सगळा संसार त्या दोन शब्दांवर झाला म्हटलं तरी चालेल. त्या माणसाने मला कधी गजरा आणला नाही, सिनेमाला नेलं नाही. एक अंगठी केली, तीही स्वप्नाली झाली तेव्हा. पण बोंबलाचा कुरकुरीत तुकडा, पिकल्या केळ्याचा शेवटचा घास, भाकरीचा पापुद्रा, काही ना काही ताटात राहिलेलं असायचंच. पुढे मी सातिवलीला डब्यांच्या कंपनीत कामाला लागले, झाकणं नीट बसतात की नाही ते दाबून बघायचं काम. दुपारी बायकांबरोबर आपापला डबा खायचे आणि पोट भरल्यासारखं वाटायचं नाही. संध्याकाळी त्याच्या ताटावर बसलं की वाटायचं. स्वप्नाली मला चिडवायची, "आई, हे किती बॅकवर्ड आहे." आणि असं म्हणत माझ्याच ताटात हात घालायची. म्हणजे बापाचं उष्टं माझ्याकडे, माझं पोरीकडे, अशी ती साखळी होती.

हॉस्पिटलात त्याला पेज आणायचे, मीठ घालून, स्टीलच्या डब्यात. दोन चमचे, फार तर तीन. मग तो मान फिरवायचा. मी म्हणायचे, "अवो, एवढी संपवा, टाकायची का आता?" आणि तो, नाकात नळी, ओठ फुटलेले, डोळे अर्धे मिटलेले, म्हणायचा, "तुला ठेवलंय. खा गो, सकाळपासना उपाशी हायस." मी तिथेच खाटेच्या कडेला बसून, त्याच डब्यातली, त्याच चमच्याने, ती कोमट पेज खायचे. चमचा धुवायचं मनातही आलं नाही. कोणी नवऱ्याचा चमचा धुऊन घेतं का? तो बघत राहायचा. मी खाल्लं की त्याला बरं वाटायचं. त्याचं खाणं पार सुटलं होतं आणि माझं खाणं बघणं एवढंच त्याचं जेवण उरलं होतं. शेवटचा चमचा कधीचा ते मला सांगता येणार नाही. शेवटचा आहे हे माहीत असतं तर लक्षात ठेवला असता.

हे सगळं मी ज्ञानदा मॅडमना सांगितलं नाही. फक्त विचारलं, "उष्टं खाल्लं तर येतो का?" ती म्हणाली, "येऊ शकतो. पण त्यांना हात लावणं, बेड साफ करणं, यातून जास्त. काकी, तुम्ही स्वतःला बोल लावू नका." तिला वाटलं मला पश्चात्ताप होतोय. पश्चात्ताप नव्हता. दुसरंच काहीतरी होतं, जे तिला सांगितलं असतं तर तिने मला मानसोपचारवाल्याकडे पाठवलं असतं. मला वाटलं होतं की गेला तो संपूर्ण गेला. पायताणं दिली, कपडे दिले, फोनचं कार्डसुद्धा बंद झालं. आणि ही पोरगी सांगत होती की त्याच्या आतून निघालेलं काहीतरी जिवंत आहे, खातंय, वाढतंय, आणि माझ्यापाशी आहे. मी पोटावर हात ठेवला. पदराआड, तिला दिसू नये म्हणून.

मग एकदम भानावर आले, कारण साखळीचं पुढचं टोक आठवलं. स्वप्नाली सातव्या महिन्यात माहेरी आली होती. आणि आल्या दिवसापासून माझ्या ताटात हात. "तुझ्या ताटातलंच चांगलं लागतं ग आई." पोटुशी पोर मागते म्हणून मीही डोकं तिच्यासाठी ठेवायला लागले होते. बरोबर त्याच शब्दांत म्हणायचेही. मी कप उचलला, तो रिकामा होता, तरी ओठाला लावला. "माझ्या मुलीची तपासणी झालीय का?" मी विचारलं, "आनि बाळाची?" ती म्हणाली, "दोघींचे नमुने घेतलेत. उद्या-परवा कळेल." रामनाथने मला ठेवलं, मी पोरीला ठेवलं, पोरीने पोटातल्या जिवाला ठेवलं असेल तर? आणि ती एवढीशी, पेटीत, नळ्यांत, ती कोणाला ठेवणार? तिच्यापाशी सगळंच थांबणार.

ते दिवस मी काचेच्या बाहेर काढले. विकीची सर्दी गेली, त्याचा रिपोर्ट साफ आला आणि निळ्या खुर्चीत तो बसला. आधी नको नको म्हणत होता. "आई, मेरे से गिर गई तो?" म्हणाला, विरारचा पोरगा, घाबरला की हिंदीत जातो. मी काचेवरून हातवारे करून सांगायचे, मानेखाली पंजा, खाली दुसरा, कान तुझ्या काळजावर यायला पाहिजे. त्याच्या केसाळ छातीवर ती पालीच्या पिल्लाएवढी पोर चिकटून बसली आणि तो श्वास घ्यायलाही घाबरत होता. हेवा वाटला मला. खोटं कशाला बोलू, जावयाचा इतका हेवा वाटला की बेटीने दिलेली खुर्ची सोडून मी जिन्यात जाऊन उभी राहिले. तिथल्या बेसिनपाशी एक बाई थर्मासमधला उरलेला चहा ओतत होती, कचऱ्यात कसा टाकायचा म्हणून. चहा जाळीतून घुटघुट करत खाली गेला. मला ज्ञानदा मॅडमचं बोलणं आठवलं आणि वाटलं, खाली कोणीतरी तोंड उघडून बसलंय आणि आपण सगळे येता-जाता त्याला भरवतोय. "बाय, हितं नको टाकूस," मी म्हटलं. ती म्हणाली, "मग कुठं टाकू? अन्न हाय."

रिपोर्ट आले. स्वप्नाली साफ, बाळ साफ. बेटीने गळ्यातला क्रॉस ओठांना लावला आणि मला म्हणाली, "काकी, देवाने राखलं." मी रडले, विकी रडला. माझ्यापाशीच थांबलं होतं म्हणजे. स्वप्नालीला एवढं भरवलं तरी तिच्यात रुजलं नाही, माझ्यातच रुजलं. त्या आनंदात, अगदी त्या रडण्यात, मला एक कण अभिमान वाटला आणि त्या अभिमानाची मला शिसारी आली.

पुढे पोर वाढली, मायलेकी घरी गेल्या, पण उमेळ्याला नव्हे, विरारला, सासरी. मीच सांगितलं तसं. ज्ञानदा मॅडम म्हणत होत्या, घरी एवढी भीती नाही, साबणाने नीट हात धुऊन घ्या बाळाला, काही महिन्यांनी पुन्हा तपासू, बऱ्याचदा आपोआप निघून जातात. मी हो म्हटलं आणि हात लावला नाही. विरारला जायचे, दारापाशी खुर्ची घेऊन बसायचे, लांबून टाळ्या वाजवायचे आणि परत यायचे. विहीणबाई म्हणायच्या, किती जपतात. स्वप्नाली काही म्हणायची नाही आणि तेच वाईट होतं. एका दुपारी पोरगी रडून रडून लाल झालेली, स्वप्नाली आंघोळीला गेलेली, घरात मी एकटी मोठी. मी पाळण्यापाशी उभी राहून नुसतं "येते हां, आई येते" म्हणत राहिले. स्वप्नाली ओल्या केसांनी धावत आली, पोरीला उचललं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, डॉक्टरांनी परमिशन दिलीय ना? मग? तुला नकोच आहे का ती?" मी म्हटलं, "माझ्यात आहे ना ते अजून." ती म्हणाली, "ते ते काय करतेस! बॅक्टेरिया आहे तो. तू असं बोलतेस जसं काय कोणी पाहुणा राहायला आलाय."

स्वप्नाली हुशार, बापावर गेलेली. रिक्षातून घरी येताना तिचं वाक्य माझ्याबरोबर आलं. पाहुणा नव्हताच तो. घरात एकटी असताना मी पुन्हा पेज करायला लागले होते, मीठ घातलेली, सोबत सुकट भाजून. मला पेज आवडत नाही, कधीच आवडली नव्हती. दुपारी बाल्कनीत बसून जेवायचे आणि पोटात गुरगुरलं की म्हणायचे, "काय रे, पुरलं का?" हसू यायचं. मग हसू यायचं बंद झालं आणि विचारणं तेवढं राहिलं. मॅडमनी आणखी एक सांगितलं होतं ते मला छळायचं. म्हणाल्या होत्या, हे जंतू नुसते टिकत नाहीत, टिकायची युक्ती शेजाऱ्याला देतात, शेजारी दुसऱ्याच जातीचा असला तरी. आणि स्वतःही बदलत राहतात, म्हणजे तुमच्यात आलेला तो आता जसाच्या तसा राहिला असेल असं नाही. रामनाथ कुंपणावरून केळीचे मुनवे द्यायचा, मागेल त्याला, समोरचा कोण कुठला ते न विचारता. मग ती केळ त्या माणसाच्या मातीची व्हायची. तर माझ्या आत जे होतं ते किती रामनाथचं आणि किती माझं? आणि ज्याने त्याला नळी लावून, तापाने जाळून, लहान करून मारलं, त्याला मी दुपारी पेज भरवत होते. हे कळत होतं मला. एखाद्या दिवशी इतकं स्वच्छ कळायचं की मी ताट तसंच टाकून उठायचे, हात कातडी सोलवटेपर्यंत धुवायचे. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तांदूळ धुवायला घ्यायचे. नातीला जवळ घ्यायचं तर हे जायला पाहिजे, आणि हे गेलं तर तो जाणार. भीती पोरीची होती हे खरं. पण नुसती पोरीची नव्हती, हेही खरं, आणि हे मी कोणालाही सांगू शकत नव्हते.

तपासणीला मी टाळाटाळ केली. आज गुडघा, उद्या लाइट बिल. शेवटी विकीच बाइक घेऊन आला. "आई, चला. स्वप्ना बोलत नाही, पण रोज रडते. उष्टावण तुमच्यासाठी थांबवलंय आम्ही." पोरगी आता बसायला लागली होती. अपुऱ्या दिवसांची म्हणून डॉक्टरांनी उष्टावण उशिरा करायला सांगितलं होतं, पण आता सगळे मुहूर्त माझ्यापाशी अडले होते. माणिकपूरच्या सिग्नलला मी त्याच्या मागे बसून पाहिलं, मानेवर उन्हाचा पट्टा, कॉलरला दुधाचा वाळलेला डाग. त्या डागाने मला लाज आणली. मी गेले, पहिल्यांदा गेले, थोड्या दिवसांनी पुन्हा गेले.

दुसऱ्या खेपेला ज्ञानदा मॅडमनी मला आत बोलावून काचेची बशी दाखवली. आत तांबूस खळीसारखं काहीतरी, गुळगुळीत. "हे बघा काकी, तुमचा नमुना यात पेरून बघतो आम्ही. दोन्ही वेळा काहीच उगवलं नाही." ती इतकी खूश होती की माझा हात तिने हातात घेतला, हातमोजा न घालता. मी त्या बशीकडे बघत राहिले. इतकी मोकळी जमीन मी पाहिली नव्हती. "म्हणजे गेला?" मी विचारलं. ती म्हणाली, "सापडत नाही म्हणजे शंभर टक्के नाहीच असं आम्ही म्हणत नाही. इतके कमी झाले असतील की दिसत नाहीत. पण तुम्ही बिनधास्त घ्या नातीला. आता पुरे झालं."

घरी मी रिक्षाने आले, पण वर गेले नाही. पार्किंगमध्ये गेले, जिथे बावखल होतं तिथे. दोन गाड्यांच्या मधे वाकून बसले. वॉचमन लांबून विचारत होता, काय हरवलं का. रामनाथ गेला तेव्हा माणसं होती, दिवस घालायचे होते, पोरगी कोसळली होती, तिला सावरायचं होतं. तेव्हा मी रडले ते दहा जणांत रडतात तसं. आता रडले ते माझं मी. "रामनाथ," म्हटलं, तोंडाने, मोठ्याने. आयुष्यात पहिल्यांदा. नाव बाहेर ऐकायला इतकं साधं होतं. पोटात काही हललं नाही.

उष्टावण विरारला झालं, सकाळी, चटईवर पाट मांडून. मामा नाही, आईकडचे आजोबा नाहीत, तेव्हा पहिला घास कोणी द्यायचा यावर विहीणबाई काही बोलायच्या आतच स्वप्नाली म्हणाली, "बाबांच्या जागी आई भरवेल." आणि तिने पोरगी सरळ माझ्या मांडीवर आणून ठेवली, विचारलंसुद्धा नाही. जड होती. काचेतून कधी वजन दिसत नाही. तिची टाळू माझ्या हनुवटीखाली आली, आंबूस दुधाचा वास आला, आणि विकीने पुढे होऊन तिच्या पाठीला हात दिला. मग त्याने खिशातून अंगठी काढली. त्या दिवशी मी साबण लावून काढलेली, त्याच्याकडे दिलेली, आणि नंतर मागायचं भानच राहिलं नव्हतं. "धुतलीय आई, गरम पाण्यात उकळली," तो म्हणाला. अंगठी खिरीत बुडवून मी तिच्या ओठाला लावली. तिने तोंड वाकडं केलं, मग जीभ बाहेर काढली, मग चाटलं. सगळे हसले. मी चमच्याने थोडी भरवली. एक घास गिळला, दुसरा घास तिने तोंडात घोळवला, हाताने बाहेर काढला आणि मुठीत धरून नीट बघितला.

वाटीत खीर बरीच राहिली होती. स्वप्नाली ती उचलायला वाकली आणि मधेच थांबली. पोरीने मान मागे टाकून माझ्याकडे बघितलं होतं. ते डोळे कोणाचे होते हे कोणी मला सांगायची गरज नव्हती. तिने मूठ वर आणली, चिकट, खिरीने आणि लाळेने माखलेली, बोटांच्या फटीतून भाताचं शीत बाहेर आलेलं, आणि माझ्या ओठांवर टेकवली. दाबली. "अगं, उष्टं आहे ते!" विहीणबाई म्हणाल्या. विकीचा हात पुढे आला. स्वप्नाली माझ्याकडे बघत होती, हसत नव्हती. मूठ ओठांवर तशीच होती, छोटी, हट्टी, ऊन.

मी तोंड उघडलं.